आजोबांच्या डब्यातले बिल्ले: आधी मागची बाजू बघा

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या एका कुटुंबातले आजोबा एम्प्रेस मिल या कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. ते गेल्यानंतर कपाटात बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला आणि त्यात बिल्ले. बैलजोडी, गाय-वासरू, हत्ती, पंजाचे दोन, बाबासाहेबांचे बरेच, चरख्याचा एक तिरंगी, नंबर ठोकलेला एक पितळी, आणि लाल चांदणीत कुरळ्या केसांचं लहान मूल असलेला एक. नातवाने विचारलंय की हे किती जुने आहेत, साफ कसे करायचे, आणि जुन्या नाण्यांचा एक व्यापारी सगळे एकगठ्ठा मागतो आहे तर देऊन टाकावेत का.

द्यायचे नाहीत. आणि धुवायचे तर मुळीच नाहीत. मी सीताबर्डीत बरीच वर्षं बिल्ले बनवण्याचं काम केलं आणि तितकीच वर्षं जुने बिल्ले जमवले. त्या अनुभवावरून सांगतो, असा डबा हाती आल्यावर पहिल्या आठवड्यात घरचे लोक दोनच गोष्टी करतात: चिंच नाहीतर पितांबरी लावून घासतात, किंवा चांगले दिसणारे चार काढून घेऊन बाकीचे वाटून टाकतात. दोन्हींमुळे जे जातं ते परत मिळत नाही. एकाच माणसाने एकाच डब्यात काय काय ठेवलं, हीच या संग्रहातली सगळ्यात मोलाची माहिती आहे. बैलजोडी आणि हत्ती एकाच डब्यात का, याचं उत्तर त्या दोन बिल्ल्यांत वेगवेगळं सापडणार नाही.

तर आधी पांढरं कापड अंथरा, प्रत्येक बिल्ला ठेवा, आणि उलटा करा. पुढची बाजू ज्याने बिल्ला वाटला त्याची असते. मागची बाजू सांगते की तो कसा, साधारण कधी बनला आणि कुणी खरंच छातीवर लावला का. लावलेला बिल्ला ओळखू येतो. पिन थोडी वाकलेली असते, टोक बोथट झालेलं असतं, आणि खालच्या कडेला आतून गंजाची एक अर्धचंद्राकृती रेघ असते. उन्हात मोर्च्यात चालताना शर्टाला घाम येतो, तो बिल्ल्याच्या खालच्या कडेत साचतो आणि तिथूनच गंज सुरू होतो. नुसता खिशात टाकून घरी आणलेल्या बिल्ल्याची पिन सरळ असते आणि गंज आला तरी सगळीकडे सारखा येतो. व्यापाऱ्याला गंजका बिल्ला कमी किमतीचा वाटेल. मला तोच आधी हातात घ्यावासा वाटतो.

आता बनावटीकडे. गोल, पत्र्याच्या वाटीवर कागद, त्यावर पारदर्शक पापुद्रा आणि मागे पिन, या बिल्ल्याचा जन्म अमेरिकेत झाला. त्याआधीही तिथे राजकारण छातीवर लावत होतेच. १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या नावाची पितळी बटणं लोकांनी कोटाला शिवून घेतली. १८६० मध्ये लिंकनच्या निवडणुकीत लोखंडी पत्र्यावर उतरवलेले छोटे फोटो धातूच्या चौकटीत बसवून वापरले गेले. पण हे सगळं खर्चिक होतं. खरा बदल १८९६ मध्ये झाला. न्यू जर्सीतल्या नेवार्क गावच्या व्हाइटहेड अँड होग या कंपनीने छापील कागदावर सेल्युलॉइडचा पापुद्रा ठेवून दोन्ही पत्र्याच्या वाटीवर ताणायचे, कड आत मुडपून कड्याने दाबायची आणि त्या कड्यात तारेची पिन अडकवायची, ही पद्धत पेटंट घेऊन बाजारात आणली. करंजीची कड मुडपतात तसाच हा प्रकार. एकदा साचा तयार झाला की कागदावर जे छापता येईल ते छातीवर लावता येऊ लागलं, तेही अगदी थोड्या पैशांत. त्याच वर्षी मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन अशी अध्यक्षपदाची निवडणूक होती. सोन्याचं चलन की चांदीचं, यावर देश दुभंगला होता आणि दोन्ही बाजूंनी या नव्या बिल्ल्यांचा पाऊस पाडला. सिगारेट आणि च्युइंगम विकणाऱ्यांनीही लगोलग आपल्या मालाबरोबर बिल्ले फुकट द्यायला सुरुवात केली, म्हणजे बिल्ले जमवण्याचा छंद आणि बिल्ला ही वस्तू जवळजवळ जुळी भावंडं आहेत.

या कंपनीच्या बिल्ल्यांत मागच्या पोकळीत एक गोल कागद घातलेला असे. त्यावर कंपनीचं नाव आणि पेटंटच्या तारखा. म्हणूनच जगभरचे संग्राहक बिल्ला हातात आला की आधी उलटा करतात. तुमच्या डब्यातल्या एखाद्या बिल्ल्याच्या मागे असा कागद असेल, अगदी अर्धा फाटलेला असला तरी, चिमट्याने काढू नका.

मग १९२०च्या सुमारास दुसरी, त्याहून स्वस्त पद्धत आली: कागद नाही, पापुद्रा नाही, रंग थेट पत्र्याच्या चादरीवर छापायचा आणि नंतर गोल कापून कड वळवायची. याला आपण लिथोचा किंवा छापील पत्र्याचा बिल्ला म्हणतो. आपल्याकडच्या निवडणुकांत मुलं ज्यांच्यासाठी जीपमागे धावायची, ते बहुतेक याच जातीचे. ओळखायला सोपे: ओरखडा पडला की खाली थेट चकचकीत पत्रा दिसतो. कागदी बिल्ल्यावर ओरखडा पडला तर फक्त वरचा पापुद्रा खरवडला जातो.

पापुद्रा सेल्युलॉइडचा आहे की नंतरच्या प्लास्टिकचा, हे कळायला अंगठ्याने जोरात चोळा, गरम झाला की लगेच नाकाशी न्या. सेल्युलॉइड असेल तर कापराचा पुसट वास येतो, कारण ते बनतंच कापूर घालून. इंटरनेटवर कुणी गरम सुई टोचून बघायला सांगेल. ते करू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं.

आता पुढची बाजू. नागपूरचा बिल्ला वाचताना मला सगळ्यात जास्त मदत झाली ती निवडणूक चिन्हांची आणि त्याखालच्या मजकुराची.

१९५१-५२ आणि १९५७ या निवडणुकांत मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे आणि मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. १९६२च्या निवडणुकीपर्यंत छापील मतपत्रिका आणि शिक्का रूढ झाला होता. तेव्हा बिल्ल्यावर अमुक ‘पेटीत मत टाका’ असेल तर तो पहिल्या दोन निवडणुकांच्या काळातला समजा, आणि ‘शिक्का मारा’ असेल तर त्यानंतरचा. ‘बटण दाबा’ असेल तर मतदान यंत्र आलं आहे, म्हणजे तो नव्वदीच्या अखेरीनंतरचा. वर्ष छापलेलं नसलं तरी ही एक ओळ पुरते.

बैलजोडी हे काँग्रेसचं चिन्ह पहिल्या निवडणुकीपासून १९६९च्या फुटीपर्यंत होतं. १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या काँग्रेसकडे गाय-वासरू आलं आणि १९७७ची हारसुद्धा याच चिन्हावर झाली. १९७८ मध्ये पुन्हा फूट पडली आणि इंदिरा काँग्रेसने पंजा घेतला. म्हणजे तुमचा गाय-वासराचा बिल्ला फार तर सात-आठ वर्षांच्या खिडकीत बसतो. नागपूरच्या दृष्टीने ती खिडकी फार जिवंत होती. १९७१च्या गाय-वासराच्या लाटेत नागपूरने मात्र वेगळ्या विदर्भासाठी झगडणाऱ्या जांबुवंतराव धोट्यांना लोकसभेवर पाठवलं, फॉरवर्ड ब्लॉकच्या तिकिटावर. त्या पक्षाचं चिन्ह सिंह. डब्यात तळाशी सिंहाचा बिल्ला आहे का ते नीट बघा. असला तर तो गाय-वासराच्या शेजारी, त्याच पाकिटसंचात ठेवा.

पंजाच्या दोन बिल्ल्यांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण इथे जाणकारही घाईने निकाल देतात. पंजा दिसला की सगळे १९७८ नंतरचा म्हणतात. पण पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पंजा हे चिन्ह काँग्रेसचं नव्हतं, ते फॉरवर्ड ब्लॉकच्या रुईकर गटाला मिळालं होतं. हे रुईकर म्हणजे रा. स. रुईकर, आपल्याच नागपूरचे, गिरणी कामगारांचे नेते. तुमचे आजोबा मिलमध्ये, त्यातून कदाचित त्यांचे वडीलही मिलमध्ये. अशा घरात पंजाचा एक बिल्ला १९५१-५२चा असण्याची शक्यता मी सहज सोडून देणार नाही. दोन्ही शेजारी ठेवा. पक्षाचं किंवा उमेदवाराचं नाव वाचा. ‘इंदिरा’ हे नाव, इंदिराजींचा किंवा राजीवजींचा चेहरा असेल तर प्रश्न मिटला. नुसता पंजा आणि मजकूर असेल तर पुढच्या खुणा लावून बघा.

पहिली खूण शुद्धलेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ मध्ये आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार त्यांनी काढून टाकले. त्याआधी ‘मतें’, ‘नाहीं’, ‘कां’, ‘द्यावें’ असंच छापलं जाई. काही छापखान्यांनी सवयीने नंतरही टिंबं लावली, म्हणून टिंब आहे म्हणजे १९६२च्या आधीचाच असं छातीठोक म्हणता येत नाही, पण कल नक्की कळतो. दुसरी खूण पत्त्याची. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. कडेला छापखान्याचं नाव आणि ‘नागपूर २’ एवढंच असेल तर एक काळ, ‘४४०००२’ असेल तर नंतरचा. तिसरी खूण निधीच्या बिल्ल्यांवर सापडते, ज्यांवर देणगीची रक्कम छापलेली असते. ‘१ आणा’ असेल तर दशमान नाणी येण्याच्या, म्हणजे १ एप्रिल १९५७च्या आधीचा असण्याची शक्यता मोठी, आणि ‘न. पै.’ (नये पैसे) असेल तर त्यानंतरच्या सहा-सात वर्षांतला. मजकूर हिंदीत आहे म्हणून तो बाहेरचा समजू नका. नागपूर १९५६ पर्यंत मराठी आणि हिंदी दोन्ही मुलखांची राजधानी होती, एकाच उमेदवाराचे दोन भाषांतले बिल्ले इथे सहज निघतात.

चरख्याच्या तिरंगी बिल्ल्यात फक्त पट्ट्यांचा क्रम बघा. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल आणि त्यावर चरखा असेल तर तो १९२१ पासून चालत आलेला स्वराज्याचा झेंडा, म्हणजे १९३१च्या आधीचा. वर केशरी, मध्ये पांढरा, खाली हिरवा आणि पांढऱ्यात चरखा असेल तर १९३१ ते १९४७. चरख्याऐवजी अशोकचक्र २२ जुलै १९४७ नंतर. रंग उडालेले असतात, लाल आणि केशरी यांत फरक करणं कठीण जातं, म्हणून रंगाच्या छटेवर विसंबू नका, पांढरा पट्टा वर आहे की मध्ये एवढंच बघा. पांढरा वर असेल तर मात्र श्वास रोखून तो बाजूला ठेवा. याच झेंड्यासाठी १९२३ मध्ये नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. सिव्हिल लाइन्समध्ये झेंडा न्यायला बंदी होती, देशभरातून लोक येऊन रोज तुकड्यांनी अटक करवून घेत होते. जमनालाल बजाज पकडले गेले आणि पुढे वल्लभभाई पटेल सूत्रं हाती घ्यायला इथे आले. बिल्ला त्याच सत्याग्रहातला आहे असं नुसत्या झेंड्यावरून म्हणता येणार नाही. पण झेंडा हातात धरायला बंदी असलेल्या शहरात तो छातीवर लावणं म्हणजे काय होतं, हे नातवाला कळलं पाहिजे.

काँग्रेस अधिवेशनांचे बिल्ले हा याचाच शेजारचा प्रांत. डिसेंबर १९२०च्या नागपूर अधिवेशनाला १४,०००हून अधिक प्रतिनिधी आले, असहकाराचा ठराव इथेच पक्का झाला. अशा अधिवेशनांत प्रतिनिधी, स्वागत समिती आणि स्वयंसेवक यांचे बिल्ले वेगवेगळे असत आणि बिल्ला हीच मंडपात शिरण्याची परवानगी. १९५९चं अधिवेशनही नागपुरातच, अभ्यंकरनगरात झालं. ‘स्वयंसेवक’ असं लिहिलेलं काही डब्यात असेल तर त्यावर गाव आणि साल शोधा.

आता बाबासाहेबांचे बिल्ले. तुमच्या डब्यात हेच सगळ्यात जास्त आहेत आणि व्यापाऱ्याने यांना ‘कॉमन’ म्हटलं असेल. संख्येने ते भरपूर आहेत हे खरं. पण जगातल्या कुठल्याही बिल्ल्यापेक्षा यांच्यामागचा इतिहास कमी आहे असं मी मानत नाही. जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना नागपुरात झाली. हत्ती हे त्या पक्षाचं चिन्ह, पुढे रिपब्लिकन पक्षाचं आणि नंतर बहुजन समाज पक्षाचं. म्हणून हत्तीखालचं पक्षाचं नाव वाचल्याशिवाय हत्तीचं वय ठरवता येत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला, विजयादशमीच्या दिवशी, दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी धम्म स्वीकारला. तेव्हापासून दर वर्षी लोक येतात. गावाहून रेल्वेने, ट्रकने, पायी येतात, पुस्तकं घेतात आणि बिल्ला घेतात. ज्यांच्या आज्या-पणज्यांना अंगावर काय घालायचं आणि काय घालायचं नाही हे दुसरे ठरवून देत होते, त्या घरातला माणूस स्वतःच्या निवडीचा चेहरा छातीवर लावून परतीच्या गाडीत बसतो. घरी जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठीही तो चार बिल्ले नेतो. डब्यात एकसारखे पाच-सहा बिल्ले असतील तर ती वाटायला आणलेली शिल्लक असू शकते. तेही एकत्रच ठेवा.

यांचं वय ठरवताना एक चूक सर्रास होते. बिल्ल्यावर ‘१४ ऑक्टोबर १९५६’ छापलं आहे म्हणून तो १९५६चा ठरत नाही. ती घटनेची तारीख, ती आजही छापतात. तीन खुणा उपयोगी पडतात. दीक्षाभूमीचा आजचा घुमटाकार स्तूप चित्रात असेल तर बिल्ला बराच अलीकडचा. त्या स्तूपाचं काम १९७८ मध्ये सुरू झालं आणि लोकार्पण डिसेंबर २००१ मध्ये झालं. नावाआधी ‘भारतरत्न’ असेल तर १९९० नंतरचा, कारण तो सन्मान मरणोत्तर त्या वर्षी मिळाला. ‘जन्मशताब्दी’ असेल तर साधारण १९९०-९१. आणि यांपैकी काहीच नसून एकरंगी फोटो, साधा पत्रा आणि ‘फेडरेशन’ असा उल्लेख असेल, तर तो एक बिल्ला बाकीच्या सगळ्या डब्याइतका जपा.

नंबर ठोकलेला पितळी बिल्ला बहुधा मिलचाच, हजेरीचा किंवा ओळखीचा. पण रेल्वेचे हमाल आणि कचेरीतले चपराशी यांचेही पितळी बिल्ले असत, तेव्हा अक्षरं नीट वाचा. मिलची आद्याक्षरं सापडली तर आजोबांच्या जुन्या पगारपत्रकाशी किंवा भविष्यनिर्वाह निधीच्या कागदाशी नंबर ताडून बघा. जुळला तर तो कागद आणि बिल्ला कायम एकत्र राहू द्या.

लाल चांदणीतलं मूल म्हणजे बाळ लेनिन. सोव्हिएत रशियात शाळेच्या पहिल्या इयत्तांतल्या मुलांच्या संघटनेचा हा बिल्ला, तिकडे कोट्यवधींनी बनला. रशियात बिल्ले जमवणं हा घरोघरचा छंद होता आणि पाहुण्याला बिल्ला देणं ही तिथली रीत. रशियन बिल्ल्यांच्या मागे कोपेकमधली किंमत बऱ्याचदा ठोकलेली सापडते. नागपुरात हा बिल्ला कसा आला? भिलाईचा पोलाद कारखाना रशियाच्या मदतीने उभा राहिला, तिथे रशियन तंत्रज्ञ सहकुटुंब राहत होते आणि भिलाई नागपूरहून एका गाडीच्या अंतरावर. घरातलं कुणी भिलाईला कामाला होतं का, हे विचारा. कामगार संघटनेतल्या लोकांकडेही असे बिल्ले येत.

बिल्ला सरकारच्या हातात गेला की काय होतं, याचं टोक चीनमध्ये दिसलं. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत माओंचे बिल्ले अब्जांच्या संख्येने निघाले आणि त्यात इतकं ॲल्युमिनियम गेलं की विमानांसाठी ते परत द्या, असं खुद्द माओंना म्हणावं लागलं. याच्या अगदी उलट १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये घडलं. अण्वस्त्रविरोधी चळवळीचं जे चिन्ह आज जगभर शांततेची खूण म्हणून ओळखतात, त्याचे पहिले बिल्ले भाजलेल्या मातीचे होते. सोबतच्या चिठ्ठीत सांगितलं होतं की अणुयुद्ध झालंच तर त्या वणव्यातून ज्या थोड्या मानवनिर्मित वस्तू वाचतील त्यांत हे मातीचे बिल्ले असतील. बिल्ला कशाचा बनवला आहे, हेही त्याचं म्हणणं असतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

नकलांचा प्रश्न. आज हाताने दाबायचं बॅज मशीन कुठेही मिळतं, ५८ आणि ४४ मिलिमीटरचे सुटे भाग किलोवर येतात, जुन्या पोस्टरचा फोटो छापला की ‘जुना बिल्ला’ तयार. तुमच्या डब्याला याची भीती नाही, पण हा छंद लागला आणि विकत घ्यायला लागलात तर दोन साधनं बाळगा. एक दहापट मोठं दाखवणारं भिंग. जुन्या ऑफसेट छपाईत ठिपके ओळीने, ठरावीक कोनात बसलेले दिसतात, घरच्या इंकजेटचे ठिपके विस्कटलेले असतात. दुसरं, नोटा तपासायचा जांभळा दिवा. साधारण १९५० नंतर कागदात उजळवणारी रसायनं येऊ लागली आणि असा कागद त्या दिव्याखाली निळसर पांढरा चमकतो. १९२०चा म्हणून दाखवलेला बिल्ला चमकला तर पैसे खिशातच ठेवा. अमेरिकेत राजकीय बिल्ल्यांच्या नकला इतक्या वाढल्या की १९७३ मध्ये त्यासाठी कायदा करून नकलेवर बनवल्याचं वर्ष छापणं सक्तीचं करावं लागलं. आपल्याकडे ती सोय नाही.

साफसफाई अगदी थोडी. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, पुढून कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसा, संपलं. पाणी नको, साबण नको, स्पिरिट नको. पाण्याचा एक थेंब कडेतून पापुद्र्याखाली गेला की कागदावर तपकिरी डाग पसरतो आणि तो काढायला बिल्ला उघडावा लागतो, म्हणजे मोडावा लागतो. पितळी बिल्ल्यावरचा काळपटपणा तसाच राहू द्या, घासून झिजलेला नंबर परत वाचता येत नाही.

ठेवण्याच्या बाबतीत पुस्तकांतले सल्ले थंड देशांतले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो, तेव्हा माळ्यावर, गच्चीखालच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात बिल्ले ठेवू नका. सेल्युलॉइड उष्णतेने आकसतं आणि कडेला तडकतं. त्याहून मोठा शत्रू कूलर. ज्या खोलीत कूलर चालतो तिथे दोन-अडीच महिने ओली हवा सुटलेली असते, आणि लगेच पुढे पावसाळा येतो. मी पाहिलेल्या गंजक्या संग्रहांपैकी बहुतेक कूलरच्या झोतासमोरच्या शोकेसमधले होते. कूलर नसलेली, आतली, सावलीची खोली निवडा आणि कपाटाचा खालचा कप्पा.

प्रत्येक बिल्ला वेगळ्या कागदी पाकिटात घाला. मऊ, वास येणारे पीव्हीसीचे अल्बम नकोत, त्यांतून सुटणारी आम्लं आणि तेलकटपणा बिल्ल्याला चिकटतो. डांबरगोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेने प्लास्टिक मऊ पडतं. सिलिका जेलच्या पुड्या चालतील, पावसाळ्यात बदलत राहा. सेल्युलॉइडचे बिल्ले बाकीच्यांपासून वेगळे ठेवा आणि हवाबंद डब्यात कोंडू नका. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लवायू सुटतो, तो आधी स्वतःची पिन खातो आणि मग शेजारच्याची. पापुद्रा चिकट लागत असेल, जाळीसारखा तडकला असेल, किंवा पितळी कड्यावर हिरवट थर आला असेल, तर तो बिल्ला आजच दूर करा. तो बिस्किटाचा डबा रिकामा करून जपून ठेवा, पण बिल्ले पुन्हा त्यात नकोत.

किमतीचं म्हणाल तर भारतात राजकीय बिल्ल्यांना ठरलेला भाव नाही, गिऱ्हाईक थोडं आहे आणि भाव तोंड बघून सांगितला जातो. वय जास्त म्हणजे किंमत जास्त हेही खरं नाही. अमेरिकेत सगळ्यात प्रसिद्ध दुर्मिळ बिल्ला १९२०चा, अध्यक्षपदाचे उमेदवार कॉक्स आणि त्यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार फ्रँकलिन रूझवेल्ट या दोघांचे चेहरे एकत्र असलेला. त्याच काळातले आणि त्याआधीचे हजारो बिल्ले स्वस्तात मिळतात. हा महाग, कारण तो फार थोडा बनला. तोच हिशेब इथे लावा. बैलजोडी गावोगाव वाटली गेली. पण महानगरपालिकेला उभ्या राहून पडलेल्या एखाद्या अपक्षाचा, मोहल्ल्यापुरता काढलेला बिल्ला कदाचित जगात एवढाच उरला असेल.

व्यापाऱ्याला रागावू नका, त्याचा तो धंदा आहे. त्याला फक्त एक विचारा: सगळे नाही, यातला एकच घ्यायचा तर कोणता घ्याल? तो ज्याच्याकडे बोट दाखवेल, तो बिल्ला नीट अभ्यासा. एकगठ्ठा मागणारा बहुधा एक-दोन बिल्ल्यांसाठीच मागत असतो. पैशांची खरंच गरज असेल तर एकसारख्या जोड्यांतले जास्तीचे विका, तेही सगळ्यांचे पुढून-मागून फोटो काढून झाल्यावर. पुढे संग्रह कुणाला सोपवावासा वाटला, मध्यवर्ती संग्रहालयाला किंवा एखाद्या ग्रंथालयाला, तर पूर्ण संच एकत्र ठेवण्याचं लेखी घ्या आणि यादीची पोच घ्या.

यादी अशी करा. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने क्रमांक, वहीत त्याच क्रमांकापुढे मजकूर जसाच्या तसा, जुन्या टिंबांसकट, आकार, मागची बाजू, लावलेला की न लावलेला. मग एक रकाना मोकळा सोडा आणि ती वही घेऊन आजीजवळ बसा, आजी नसतील तर आजोबांच्या बरोबरच्या कुणा कामगाराकडे जा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. ‘हे काय आहे’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘इलेक्शनचे बिल्ले’ एवढंच येतं. बिल्ला हातात द्या आणि विचारा की हा लावून ते कुठे गेले होते, बरोबर कोण होतं, घरात यावरून कुणाशी वाद झाला होता का, मिलच्या गेटवर हा लावलेला चालायचा का, आणि कोणता बिल्ला त्यांनी कधीच लावला नाही. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. पंजाच्या दोन बिल्ल्यांपासून सुरुवात करा. रुईकरांचं नाव तुम्ही आधी घेऊ नका, ते त्यांच्या तोंडून येतं का बघा.